त्रेसष्ट दाखले

टॅलो क्रीक, जॉर्जिया
४ मार्च १९९६

प्रिय व्हर्लीन,

तुझं नाताळचं कार्ड काल मिळालं. डेट्रॉइटचं टपाल आपल्या रूफस काकांसारखं दिसतंय, घरून वेळेवर निघतं आणि वाटेत बसतं.

मी बरा आहे, गुडघे सोडून. आता छपरावर माझी माणसं चढतात आणि मी खाली उभा राहून ओरडतो. ओडेसा म्हणते, "नुसतं ओरडून धंदा चालतो हे लग्नाआधी सांगितलं असतंस तर मीच काढला असता."

बातमी अशी की रस्त्यापलीकडच्या गोऱ्यांना पुन्हा आमची आठवण झाली आहे. त्यांच्या प्रॉव्हिडन्स चर्चच्या मंडळीत टली नावाचे नवे पाळक आलेत. वय एकतीस, कान लाल, मन स्वच्छ. त्यांच्या दक्षिणेकडच्या बाप्टिस्ट मंडळ्यांच्या मोठ्या अधिवेशनानं गेल्या वर्षी गुलामगिरीबद्दल माफीचा ठराव केला, तो यांनी फार मनावर घेतलाय. त्यांना मेअखेरच्या पेंटेकॉस्टच्या रविवारी प्रॉव्हिडन्स आणि आपलं होरेब, अशी दोन्ही मंडळ्यांची एकत्र उपासना हवी आहे. समेटाची. त्यासाठी इकडचे तीन, तिकडचे तीन अशी समिती झाली, आणि होरेबनं मला पुढे ढकललं. का, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "ओथा, तुझं गोऱ्यांशी जमतं." अगं, चाळीस वर्षं मी त्यांची छपरं शाकारतोय. जमवून घेतलं नसतं तर खाल्लं काय असतं?

ही तिसरी खेप. अडुसष्ट साली एकदा झालं, एकोणऐंशी साली एकदा. दोन्ही वेळा गाणी, मिठ्या, ओकच्या झाडाखाली तळलेली कोंबडी, आणि सोमवारी सगळं जिथल्या तिथं. देवाच्या कामात दमलो म्हणायची लाज वाटते, पण दमलोय.

पहिल्या बैठकीत जेवण ठरलं, दुसऱ्या बैठकीत गाणी. मग टली म्हणाले, "ब्रदर ओथा, तुम्हाला स्वतःला काय हवंय?" हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "दाखले."

ते गोंधळले. मग त्यांना सांगितलं ते तुलाही सांगतो, तुला माहीत असलं तरी. आपल्या बाप्टिस्टांत माणूस मंडळी बदलतो तेव्हा जुनी मंडळी सभा भरवून त्याला दाखला देते, की हा आमचा चांगला सभासद, आनंदानं पाठवतोय. गुलामगिरी होती तोवर आपले लोक प्रॉव्हिडन्सचेच सभासद होते. वरच्या माडीवर बसायचे, पण सभासद. सुटका झाल्यावर १८६७ साली त्रेसष्ट जण उठले, रस्ता ओलांडला आणि होरेब बांधलं. त्यांनी दाखले मागितले. दाखले मिळाले नाहीत, वर वहीत नोंद झाली, 'बेशिस्त वर्तन. बहिष्कृत.' त्यात आपला पणजा सायलस. आजही तो त्यांच्या वहीत बहिष्कृतच आहे.

मी म्हणालो, "कोंबडी आम्ही घरी तळू. ते त्रेसष्ट दाखले द्या."

तुझा,
ओथा

•

डेट्रॉइट
१३ मार्च १९९६

प्रिय ओथा,

कार्ड मी जानेवारीतच टाकलं होतं. टपालाला नावं ठेवू नकोस.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग भांडी घासली, आणि परत वाचलं. बाबा रे, सत्तावन्न वर्षांचा झालास, अजून त्यांच्या दारात काही मागायला उभा राहतोस? होरेब एकशे एकोणतीस वर्षं त्या कागदांवाचून उभं आहे. सायलस पणजा कुणाच्याही दाखल्यावाचून मेला आणि माझी खात्री आहे की स्वर्गाच्या दारावर देवानं त्याला कागद विचारला नसणार.

आणि एक लिहून ठेव. त्यांनी दिलंच, तर असं देतील की घेताना तुलाच 'थँक यू' म्हणावं लागेल.

तिथल्या समितीत हार्लन कोकर आहे का?

व्हर्लीन

•

टॅलो क्रीक
१० एप्रिल १९९६

प्रिय व्हर्लीन,

आहे. प्रॉव्हिडन्सचा कारभार बघणाऱ्या डीकनांत सगळ्यात जुना तोच, मग समितीत कोण असणार? तू त्याचं नाव का काढलंस कळलं नाही. कोकर तसा वाईट नाही. त्याला हाताळावं लागतं, एवढंच. माझी पहिली शिडी मी त्याच्याच वखारीतून घेतली. तो मला 'अरे ओथा' म्हणतो, मी त्याला 'मिस्टर हार्लन, तुम्ही'. तो सदुसष्टचा, मी सत्तावन्नचा. दहा वर्षांचं अंतर आहे असं स्वतःला सांगतो आणि पुढे जातो.

दाखल्यांची काय गरज, हे तू विचारलंस. गरज नाही. होरेबच्या पहिल्याच सभेत त्या त्रेसष्ट जणांनी एकमेकांच्या शब्दावर एकमेकांना सभासद करून घेतलं आणि ते पुरेसं होतं. पण व्हर्लीन, यांच्याबरोबर प्रभुभोजनाला बसायचं, एका भाकरीचा तुकडा मोडायचा, आणि शेजारच्या खोलीत त्यांच्या कपाटात माझा पणजा बेशिस्त म्हणून पडलेला. माझ्या घशाखाली उतरत नाही. क्षमा कर म्हणून येशूनं सांगितलंय, किती वेळा तेही सांगितलंय. पण ज्याला क्षमा करायची त्यानं निदान उभं राहून 'चुकलं' म्हणावं ना? हवेत क्षमा करून करून मी दमलो.

प्रॉव्हिडन्सच्या चिटणीस अजून मिस इमोजीन सॅटरफील्ड आहेत. वय एक्याऐंशी, पाठ ताठ. त्यांनी जुनी वही मला स्वतः उघडून दाखवली. पानावर ओळीनं नावं, पुढे जुन्या मालकाचं आडनाव: 'सायलस, कोकरचा. डायना, कोकरची. प्राइमस, सॅटरफील्डचा.' मिस इमोजीननी प्राइमसच्या नावाखाली बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "अक्षर मात्र सुंदर आहे." आणि लगेच, "हे मी काय बोलले!" म्हणून स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

अक्षर कोकरच्या पणजोबांचं. तेच तेव्हा चिटणीस.

ओथा

•

टॅलो क्रीक
२१ मे १९९६

प्रिय व्हर्लीन,

तुझं खरं झालं. हसू नकोस.

गेल्या गुरुवारी टली घरी आले. हातात चौकट, काचेखाली जाड कागद, डोळ्यांत पाणी. "ब्रदर ओथा, ठराव झाला. एकमतानं!" ओडेसानं चष्मा लावून मोठ्यानं वाचला. 'सन १८६७ मध्ये आज्ञेवाचून मंडळी सोडून गेलेल्या त्रेसष्ट जणांच्या अपराधाची ही मंडळी ख्रिस्ताच्या प्रेमानं क्षमा करीत आहे, त्यांना पुन्हा सभासद करून घेत आहे, आणि दाखले देत आहे.'

ओडेसा म्हणाली, "ओथा, त्यांनी आपल्याला माफ केलं."

त्यांच्यात लबाडी कुणाचीच नव्हती, तेच तर वाईट. नियम असा की बहिष्कृताला दाखला देता येत नाही. आधी त्याला परत घ्यावं लागतं. परत घ्यायचं तर आधी त्याचा अपराध क्षमा करावा लागतो. नियम त्यांनी सरळ पाळला. अडतीस भली माणसं एका खोलीत बसली, नियमाचं बोट धरून चालत गेली, आणि शेवटी कुठे पोचलो हे एकानंही मान वर करून पाहिलं नाही.

मी म्हणालो, "पाळकसाहेब, चौकट छान आहे. परत न्या."

"पण दाखले आहेत ना त्यात!"

"आहेत. आणि ते घ्यायचे तर सायलसनं रस्ता ओलांडला हा गुन्हा होता असं मला म्हणावं लागेल."

मुलगा बिचारा पांढरा पडला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "मी स्वतः तो मसुदा लिहिला. मला दिसलंच नाही." एवढं तरी म्हणाला.

होरेबच्या सभेत मी सगळं मांडलं. तिथेही सगळे माझ्या बाजूनं नव्हते, हे तुला सांगायला हवं. काही जण म्हणाले, कागद मिळतोय तर घे, शब्दांचं काय घेऊन बसलास, तुझ्यापायी अजून तीस वर्षं जातील. मलाही रात्री तसंच वाटतं. घेऊन टाकावा, सही करावी आणि झोपावं.

शेवटी पेंटेकॉस्टला जायचं नाही असं ठरलं. मी आणि मिस इमोजीन मिळून दुसरा ठराव लिहितोय: १८६७ चा निर्णय चुकीचा होता, दोष मंडळीचा होता, वहीतली ती नोंद रद्द, आणि दाखले. सभासदत्वाच्या बाबीत त्यांच्याकडे एकमत लागतं. एक हात विरोधात गेला की ठराव पडतो.

ओथा

•

डेट्रॉइट
२९ मे १९९६

प्रिय ओथा,

हसले नाही. हसायला बसले होते, जमलं नाही.

घेऊ नकोस. झोप नाही आली तर नको येऊ दे, मीही जागीच असते.

आता, कोकरचं नाव का काढलं असं तू विचारलंस म्हणून. एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या जूनमधला तो रविवार. मी आणि माझ्या मैत्रिणी कोरा, लुव्हिनिया, पांढरे मोजे, पांढरे हातमोजे, हातात बायबल, प्रॉव्हिडन्सच्या पायऱ्या चढलो. उपासनेला बसायचं एवढंच मनात होतं. दारात कुणी अडवलं हे मी घरी कधीच सांगितलं नाही. 'स्वागताला उभे असलेले डीकन' एवढंच म्हटलं. तो हार्लन कोकर होता. शिवी दिली नाही, हात लावला नाही. म्हणाला, "मुलींनो, तुमची जागा पलीकडे आहे, तिथे तुम्हाला जास्त बरं वाटेल." आणि आत गाणं चालू होतं, ते त्यानं दार लावून घेतल्यावरही ऐकू येत होतं. त्याच महिन्यात मी इकडची बस धरली.

तू त्याच्याकडे कामाला होतास, तुला घर चालवायचं होतं, म्हणून बोलले नाही. आता तू म्हणतोस त्याला हाताळावं लागतं. हाताळ.

व्हर्लीन

•

टॅलो क्रीक
२६ जून १९९६

प्रिय व्हर्लीन,

उत्तराला महिना लागला. कामं होती असं लिहिणार होतो, पण तू ओळखशील.

दुसरा ठराव नऊ तारखेला मतदानाला आला. मी पाहुणा म्हणून मागच्या बाकावर होतो. सदतीस हात बाजूनं, एक विरोधात. कोणाचा ते सांगायला नको. ठराव पडला. पुन्हा एकदाच मांडता येतो, चौदा जुलैच्या सभेत. मग संपलं.

गेल्या आठवड्यात मी त्याच्या वखारीत गेलो. म्हातारा एका खोक्यावर बसून शेंगा सोलत होता. झालेलं बोलणं जसंच्या तसं देतो.

"ये ओथा. छपरं संपली का गावातली?"

"संपली मिस्टर हार्लन. आता तुमचा हात खाली करायला आलोय."

"माझ्या पणजोबांना मी खोटारडे म्हणायचं?"

"चुकलेले म्हणायचं. खोटारडे मी घरी म्हणतो."

तो हसला, खरंच हसला. शेंगांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मग मी म्हणालो, "त्रेसष्ट साली तीन मुली तुमच्या दारात आल्या होत्या."

तो सोलायचं थांबला. म्हणाला, "त्यात तुझी बहीण होती ना? उंच, ती. मला माहीत होतं तुझी बहीण आहे."

"मग?"

"मग काय? त्या रविवारी दाराशी माझी पाळी होती."

"आणि नसती तर?"

"दुसरा कुणी उभा असता आणि मी आत बसून गात असतो. त्यानं तुझं काय बरं झालं असतं?"

तोच पुढे म्हणाला, "माझी बायको त्या वर्षी आजारी होती. जाईपर्यंत रोज विचारायची, त्या मुलींचं काय झालं रे? मी म्हणायचो, गेल्या उत्तरेला, मजेत आहेत." मग माझ्याकडे पाहिलं. "आहे का मजेत?"

मी म्हणालो, "तिलाच पत्र लिहा." म्हणाला, "मला नाही जमणार." आणि भांडं परत ओढून घेतलं.

पंधरा वर्षांपूर्वी मी त्याच्यावर ओरडलो असतो. आता गाडीत येऊन बसलो आणि किल्ली फिरवायला वेळ लागला.

ओथा

•

टॅलो क्रीक
१६ जुलै १९९६

प्रिय व्हर्लीन,

ठराव झाला. कसा झाला ते ऐक.

रविवारी दुपारी सभा भरली. मी मागच्या बाकावर, शेजारी ओडेसा, पंखा हलवत. मिस इमोजीननी उभ्या राहून ठराव वाचला. वाचून झाल्यावर खाली बसल्याच नाहीत. म्हणाल्या, "प्राइमस ज्या घरचा लिहिलाय, त्या घरची मी. दोष आमचा होता. हे वहीत घाला," आणि मग आठवलं की वही त्यांच्याच हातात आहे, तशा खाली बसून लिहायला लागल्या.

टली मत घेणार, एवढ्यात हार्लन कोकर उठला. मला वाटलं, बोलतोय. तो म्हणाला, "माझ्या गाडीची काच उघडी राहिली वाटतं." आणि काठी टेकत बाहेर गेला. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता.

टली भला मुलगा, त्याला काही उमजेना. "ब्रदर हार्लन येईपर्यंत थांबू या," म्हणाला. मिस इमोजीननी लिहिता लिहिता वर न पाहता सांगितलं, "पाळकसाहेब, गणसंख्या आहे. मत घ्या."

"पण ते आत्ता येतील..."

"मत घ्या, म्हणते ना!"

सदतीस हात वर. विरोधात एकही नाही. सात-आठ मिनिटांनी दार वाजलं, कोकर आत आला, आपल्या जागी बसला. "झालं?" "झालं." "बरं." आणि गाण्याच्या पुस्तकाची पानं उलटत बसला.

तो उभा राहून 'चुकलं' म्हणेल म्हणून मी गेलो होतो. तो म्हणाला नाही. इतरांना म्हणता यावं म्हणून बाहेर गेला. याला काय नाव द्यायचं मला माहीत नाही, आणि द्यायची ताकदही उरलेली नाही.

त्याच संध्याकाळी होरेबमध्ये दाखले वाचले. होरेबचा चिटणीस म्हणून मीच वाचले. 'कोकरचा', 'सॅटरफील्डची' काढून टाकून प्रत्येकानं सुटकेनंतर घेतलेलं आडनाव घातलं होतं. एकेक नाव वाचायचं आणि त्यांच्या वतीनं कुणीतरी उभं राहायचं. आम्ही पंचेचाळीस, नावं त्रेसष्ट, काहींना दोनदा उठावं लागलं. 'सायलस ग्रिम्सली' आलं तेव्हा मी उभाच होतो, वाचत होतो. तरी खाली बसून परत उठलो.

आणि उठलो तेव्हा मला एक कळलं. महिनाभर मी त्या म्हाताऱ्याकडून जे मागत होतो ते मीच तुला कधी दिलेलं नाही.

त्या रविवारी मी तिथे होतो, व्हर्लीन. आदल्या दिवशीच्या वादळानं कोकरच्या वखारीचे पत्रे उडाले होते, लाकूड भिजत होतं, त्यानं मला रविवारी कामाला बोलावलं. वखारीचं छप्पर प्रॉव्हिडन्सच्या पायऱ्यांसमोरच. तुम्ही तिघी चढलात, तो दारात आला, दार बंद झालं, सगळं पाहिलं. तोंडात खिळे धरले होते. शिडी चार हातांवर होती. मी उतरलो नाही. तुम्ही वळलात तेव्हा पत्र्याच्या चढामागे आडवा झालो. तू कोकरचं नाव काढलंस तेव्हाही 'का काढलंस कळलं नाही' असं मी लिहिलं. मला ते पहिल्यापासून माहीत होतं.

चूक माझी. काच वगैरे काही उघडी राहिलेली नाही.

ओथा

•

डेट्रॉइट
३० जुलै १९९६

ओथा,

मी तुला तेव्हाच पाहिलं होतं.

पायऱ्या उतरताना वर बघितलं आणि तू आडवा होताना दिसलास. एवढा दांडगा माणूस, उघडं छप्पर, अकराचं ऊन, लपणार कुठे? पहिलं मनात आलं ते हे की हा गाढव तापलेल्या पत्र्यावर भाजणार. दुसरं जे मनात आलं ते तेहतीस वर्षं ठेवून घेतलं.

तू उतरायला हवं होतंस. उतरून काही झालं नसतं हे मला कळतं. आम्हाला आत घेतलं नसतं, तुझं काम गेलं असतं, कदाचित त्याहून वाईट. तरी उतरायला हवं होतंस. रस्त्यापलीकडे आमच्याबरोबर चालत आला असतास तरी पुरलं असतं.

कोकरनं गाडीची काच पाहिली, ते मी कोराला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मेला भित्रा." मग म्हणाली, "चला, बाहेर गेला तरी."

आता कामाचं. इथल्या मंडळीत मी तेहतीस वर्षं एकाच बाकावर बसते, गायनात उभी राहते, अंत्यविधीला जेवणं रांधते, आणि वहीत अजून पाहुणी आहे. पाळक दर काही वर्षांनी विचारतात, "सिस्टर मॅप, गावाकडून दाखला का मागवत नाही?" तुम्हा सगळ्यांना वाटतं, गावाच्या मायेनं हिनं नाव होरेबमध्येच ठेवलंय. माया आहे. पण कारण वेगळं होतं. दाखल्याच्या शेवटी एक ओळ असते, 'आमच्यातल्या कोणाशीही हिचं वितुष्ट नाही.' ती ओळ खोटी लिहून घ्यायची नव्हती. लिहिणारा तू, म्हणून तर अजिबातच नाही.

पुढच्या सभेत माझा दाखला मांड. पूर्ण नाव घाल: व्हर्लीन ग्रिम्सली मॅप. ती शेवटची ओळ गाळू नकोस. मी अजून रागावलेली आहे, पण ओळ आता खरी आहे.

व्हर्लीन